लाखेचा ठिपका

पडदा म्हणजे आईचं जुनं हिरवं लुगडं होतं. देवळाच्या सभामंडपात दोन खांबांना सुतळीने बांधलेलं. पडद्याच्या अलीकडे मी आणि माझ्यासमोर पाटावर दोन घुमटं. पलीकडे आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्यामागे सगळा गाव. हरतालकेची दुपार होती. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. घरोघरी गणपतीवर टांगायच्या पानाफळांच्या माटव्या अर्धवट टाकून माणसं देवळात येऊन बसली होती.

"अर्जना, बसलंस?" आबांनी पलीकडून विचारलं.

"बसलंय, आबा."

"मगे झालां. पडद्याआड माझो झिल आसा, माका आणखी कसली खात्री होयी?"

लोक हसले. विश्राम केरकर गुरुजी माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आधी डावीकडचां. मगे उजवीकडचां. घाई करू नको."

घुमट ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं मडकं असतं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बांधतात, लहान तोंड उघडंच ठेवतात. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. आमच्याकडे गणपतीची आरती घुमटाशिवाय होत नाही. आणि हे कातडं पिढ्यानपिढ्या घोरपडीचं असायचं.

घोरपड मारणं हा गुन्हा आहे, हे आम्हाला कायदा होऊन कितीतरी वर्षांनी कळलं, तेही शेजारच्या गावातले दोघेजण कातड्यासकट पकडले गेले तेव्हा. त्यानंतर गावात अशी घबराट उडाली की माणसं आपली घुमटं पेंढ्याच्या गंजीत लपवू लागली. एकाने तर विहिरीत टाकलं. त्या धास्तीत दहा वर्षं गेली, आणि मग गुरुजींनी सगळ्यांना शाळेत बोलावलं आणि सांगितलं, की बोकडाच्या कातड्यातून घोरपडीचा आवाज काढायची रीत मला सापडली आहे.

गुरुजींच्या शब्दाला वजन होतं. शाळेतून उरलेला सगळा वेळ त्या माणसाने घुमटाला वाहिला होता. ते स्वतः वाजवत, स्वतः बांधत, आणि सुट्टी लागली की सायकल काढून गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे बसून आरत्या आणि ठेके वहीत उतरवून घेत. मी सोळाव्या वर्षापासून त्यांच्या पडवीत पडीक. पुढे गोव्यात हॉटेलात नोकरी लागली तीही त्यांच्या एका पत्रावर सोडून परत आलो. 'तुझ्यासारखो हात मिळूचो नाय, काम अर्ध्यावर इलाहा,' एवढंच लिहिलं होतं त्यात. आबांनी मला घुमट वाजवायला शिकवलं होतं, पण ते का वाजतं हे शिकवलं गुरुजींनी. मला दोघेही बापाच्या जागी होते, आणि खरं सांगायचं तर त्या वयात गुरुजी थोडे वरच्या जागी होते.

ती दहा वर्षं आम्ही बोकडाच्या मागे लागलो होतो. कातडं ताकात भिजवलं, चुन्याच्या निवळीत भिजवलं, चिंचोक्याची खळ लावली. उन्हाळ्यात ते बरं बोलायचं. पण गणपती येतात भाद्रपदात, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत बोकडाचं कातडं सादळलेल्या पापडासारखं बसायचं. घोरपडीचं बसत नाही. शेवटी गुरुजींनी खळीत कोळशाची पूड घालून एक काळा लेप केला आणि तो कातड्यावर चढवला. "आता हवा लागूची नाय," म्हणाले. त्या घुमटाला त्यांनी परीक्षेच्या दिवसापर्यंत मलाही हात लावू दिला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुरूची लहर, म्हटलं.

गावात एकटे आबा होकाराची मान हलवत नव्हते.

"बोकड तो बोकड," ते शाळेतल्या सभेत म्हणाले होते. "मडक्याचां काय, कुंभार दर वर्साक नवीन करता. बोलता तां चामडां. बोकड बोलात, पण घोरपडीसारखो बोलूचो नाय."

"सगुणदादा, तुमका वळखाक येवचां नाय," गुरुजी म्हणाले.

"माका?"

पुऱ्या सभेला हसू आलं, कारण आबांच्या कानाची ख्याती पंचक्रोशीत होती. लग्नाचे नारळ लोक त्यांच्याकडून वाजवून घेत. बोटाच्या पेराने एक टिचकी, की कुठल्यात पाणी, कुठला खवट, हे ते न फोडता सांगत. शेताच्या पलीकडे कोणी घुमट वाजवत असला तर वाजवणाऱ्याचंच नव्हे, घुमटाच्या मालकाचंही नाव सांगत. देवळातल्या आरतीला पहिली थाप आबांची, हा मान त्यांच्या वडिलांपासून घरात होता.

"होवंदे परीक्षा," आबा उठून म्हणाले. "माका फरक कळलो नाय, तर ह्या हातान घुमटाक शिवूचंय नाय. आणि कळलो, तर विश्रामा, तू ह्यां बोकडाचां खूळ सोडूचां."

अशी ती परीक्षा ठरली. वनखात्याचे साहेबही यायचे होते. गावाने बोकड मान्य केला तर जुनी कातडी एकदाच जाळून टाकायची आणि कोणावर खटला होणार नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं. दोन्ही घुमटं मी वाजवायची, म्हणजे हाताचा फरक नको. हे सुचवलं गुरुजींनीच.

डावीकडचं घुमट धाकू परबाचं होतं, अस्सल घोरपडीचं. मी आरतीचा ठेका धरला, चार आवर्तनं वाजवली आणि थांबलो.

"घोरपड," आबा लगेच म्हणाले. "धाकूचां. वादी ढिली झाली हा रे धाकू, ताणून घे."

हशा झाला. मग मी उजवीकडचं मांडीवर घेतलं. पहिली थाप मारली आणि माझ्याच अंगावर काटा आला. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, सभामंडपातली फरशी ओली होती, आणि हे कातडं टणटणीत बोलत होतं. मला वाटलं, जिंकले गुरुजी! दहा वर्षांचं सार्थक झालं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चार आवर्तनं संपली.

 पलीकडून आबांचा आवाज आला, वेगळाच, घोगरा.

"परत वाजय."

मी परत वाजवू लागलो. हाताला घाम आला होता, लेप ओला होऊन सुटू लागला होता, बोटं काळी झाली होती. आणि लेपाखाली माझ्या बोटांना दाणे लागले. बारीक, ओळीने बसलेले, मोहरीसारखे दाणे. बोकडाच्या कातड्याला दाणे नसतात. ते घोरपडीला असतात.

तेवढ्याने मी थांबलो नाही. हात आपोआप चालत होता. आणि मग अनामिका जिथे पडते तिथे, काठापासून दोन बोटं आत, मला एक गुळगुळीत ठिपका लागला. लाखेचा.

तो ठिपका मी अंधारातसुद्धा ओळखला असता, कारण तो माझ्यामुळेच झाला होता. मी सात वर्षांचा असताना आजोबांच्या घुमटावर उदबत्ती टेकवून भोक पाडलं होतं. आबांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. लाख वितळवून त्यांनी त्या भोकावर थेंबभर टाकली आणि म्हणाले, 'आता ह्यां तुझांय झालां.' त्या ठिपक्यावर अनामिका ठेवूनच मी वाजवायला शिकलो. तीन वर्षांपूर्वी त्या घुमटाची सुतळी कुजली म्हणून आबांनी ते बांधायला गुरुजींकडे दिलं होतं. आठ दिवसांनी गुरुजी नुसतं मडकं घेऊन आले. कातडं जुनं होतं, भिजवताना फाटलं, घरात ठेवणं धोक्याचं म्हणून जाळलं, असं म्हणाले. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. रिकामं मडकं त्यांनी माजघरात खुंटीला टांगून ठेवलं.

आणि आता ते कातडं माझ्या मांडीवर होतं.

मी मान वर करून गुरुजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. पडद्याच्या वरून लोकांकडे बघत होते. आवर्तन संपलं. मी हात काढला.

"बोला, सगुणदादा," गुरुजी म्हणाले.

"ह्यांय घोरपडीचां," आबा म्हणाले.

गाव असा हसला की देवळातली कबुतरं उडाली. आबांनी हशा ओसरू दिला.

"हसा. पण नुसती घोरपड न्हय ती. ह्यो आवाज माझ्या बापाशीचो."

 मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा सभामंडप वाजू लागला. गुरुजींनी सुतळी सोडली, लुगडं खाली पडलं. त्यांनी दोन पावलं पुढे होऊन आबांच्या पायांना हात लावला.

"सगुणदादा, तां दुसरां बोकडाचां. तुमका तेच्यात तुमचो बापूस आयकाक इलो. ह्याच्यापरास मोठो मान माका आणि काय होयो?"

वनखात्याचे साहेब उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. आबा मात्र गुरुजींकडे पाहतच नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते.

"अर्जना," ते म्हणाले, "बोकडाचां मां तां?"

आता इतक्या वर्षांनी मी स्वतःला कितीही वेळा तिथे नेऊन बसवलं, तरी तो क्षण लांबत नाही. समोर गाव होता, साहेब होते, पेंढ्यात घुमटं लपवणारी माणसं होती. खांद्यावर पुन्हा गुरुजींचा हात आला होता. मला वाटलं, आधी गुरुजींना विचारू, काहीतरी कारण असेल, घरी जाऊन आबांना सांगू. माणूस भित्रा असला की त्याला नेहमी 'घरी जाऊन सांगू' असंच वाटतं.

"होय, आबा," मी म्हटलं. काळी झालेली बोटं मी लेंग्याला पुसली.

आबांनी मान डोलवली. "मगे माझोच कान गेलो," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन निघून गेले.

संध्याकाळी उजेड होता तोवरच मी गुरुजींच्या पडवीत गेलो. भिंतीला ओळीने घुमटं टेकवलेली, ती सगळी मात्र खरोखरच बोकडाची. गुरुजी वाटीतला काळा लेप धूत होते.

"ठिपको लागलो तुका," मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले. "खरवडून काढूचो होतो. चामडां फाटात म्हणान भियालंय."

"तुमी आबांका जाळलंय म्हणान सांगलास."

"जाळूकच बसलेलंय. काडी पेटवलंय. हात झालो नाय. तसलां चामडां परत कधी बघूक मिळूचां नाय, अर्जना. नमुनो म्हणान ठेवलंय."

"मगे आबांका परत देवचां होतां!"

"खंय ठेवल्यान आसतां तेणा? उद्या धाड पडली तर?"

"आणि बोकड? दहा वर्सां केलां तां काय?"

गुरुजींनी वाटीत बोट फिरवलं. मग म्हणाले, "बोकड काय घोरपड होवक नाय. होवचोय नाय. पण मिया तसां सांगलंय आसतां तर गाव काय करतलो होतो? अर्धे चोरून घोरपडी मारतले, अर्धे घुमट सोडून देतले. आज सगळ्यांनी कानान आयकलां, बोकड चलता. उद्यापासून बोकड वाजवतले. वाजवतां वाजवतां तोच आवाज खरो वाटाक लागतलो. घुमट जगात, घोरपड जगात."

खोटं बोलणाऱ्याचं अर्धं बोलणं बरोबर असतं, तोच खरा त्रास असतो.  मी एवढंच विचारलं, "आणि आबा?"

"सगुण मोठो माणूस आसा. सोसतलो."

"आणि मी? माका कित्याक बसवलास पडद्याआड?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

"दुसरो कोण आसतो तर सगुणान इस्वास ठेवल्यान नसतो."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मला त्या पडवीत कळलं. सोळाव्या वर्षापासून त्या माणसाने मला जवळ केलं, शिकवलं, गोव्याहून बोलावून घेतलं, आणि शेवटी माझा उपयोग एवढाच, की मी सगुण गावड्याचा मुलगा होतो. मी घरी आलो. आई मोदकांच्या सारणासाठी नारळ काढत होती. ढिगातला एक उचलून तिने आबांसमोर धरला, नेहमीसारखा.

"तूच बघ," आबा म्हणाले. "माझ्या कानाचां काय खरां?"

मला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर आबा तसेच उठून देवळात गेले असते, आणि साहेब अजून गावातच होते. गुरुजी तुरुंगात गेले असते. मी म्हटलं, गणपती होऊ देत. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे. पुढे पुढे न सांगण्याची सवय झाली.

दुसऱ्या दिवशी आरतीला पहिली थाप मी मारली, बोकडावर. आबा मागे झांज घेऊन उभे होते. त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळला. घुमटाला ते पुन्हा शिवले नाहीत. शेतापलीकडे कोणी वाजवत असलं तर कोणाचं घुमट हे सांगणं त्यांनी सोडलं. रेडिओवर गाणं लागलं की मला विचारायचे, 'कोण रे ह्यो?' आणि मी चुकीचं नाव सांगितलं तरी 'आसात' म्हणायचे. नारळ बाजारातून आई निवडून आणू लागली. त्यात दर वेळी एक-दोन खवट निघत, आणि आबा ते मुकाट्याने खात.

दोन वर्षांनी गुरुजींचं पुस्तक आलं. कुठल्याशा संस्थेने त्यांना शाल दिली. पुस्तकात परीक्षेवर एक प्रकरण होतं. त्यात लिहिलं होतं, 'सगुण गावडे यांच्यासारख्या जाणत्या कानालाही फरक ओळखता आला नाही.' मी ते वाक्य तीनदा वाचलं. आबांनी 'ह्यांय घोरपडीचां' म्हटलं होतं, 'माझ्या बापाशीचो आवाज' म्हटलं होतं, आणि छापून आलं ते हे.

आबांना वाचता येत नव्हतं. "माझां नाव आसा म्हणतत पुस्तकात," ते म्हणाले. "काय लिवल्यान हा?"

"तुमचो कान जाणतो, असां लिवल्यान हा," मी म्हटलं. उरलेलं वाक्य गिळलं.

गुरुजींचं म्हणणं खरं ठरलं, हे मी नाकारत नाही. गाव बोकडावर आला. मुलांना मीच शिकवत होतो, आणि कोणी विचारलं तर 'आवाज तोच' म्हणून सांगतही होतो. घोरपडी आता आमच्या दगडी गडग्यावरून बिनधास्त फिरतात. त्या दिसल्या की मला बरं वाटायला हवं.

परीक्षेनंतर अकराव्या वर्षी गुरुजी गेले. तेरावं झाल्यावर त्यांच्या बायकोने मला बोलावलं आणि पंच्यात गुंडाळलेलं एक घुमट हातात दिलं. "अर्जनाक दी म्हणान सांगल्यान होतां," म्हणाल्या. "म्हणालो, तेका कळतलां." मी पंचा सोडला. लेप धुऊन काढलेला होता. दाणे स्वच्छ दिसत होते आणि लाखेचा ठिपका लाल चमकत होता. जाता जाता त्या माणसाने आपलं ओझं उतरवून माझ्या डोक्यावर ठेवलं होतं.

आबा तेव्हा ऐंशीला आले होते. घरासमोरच्या खळ्यात बाकावर बसले होते. मी घुमट त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते शिवायला तयार नव्हते. शब्द होता ना! मग नजर त्या दाण्यांवर गेली. हळूच अनामिका टेकवली. ती न शोधता नेमकी ठिपक्यावर पडली. डावा तळवा त्यांनी लहान तोंडावर धरला आणि एक थाप मारली.

आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

आबा हसले. अकरा वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "माझो कान गेलेलो नाय," ते आईला म्हणाले. "आयकलंस? माझो कान बरोबर होतो!"

"होय, आबा," मी म्हटलं.

माझा आवाज ऐकला आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी ठिपक्यावरचं बोट उचललं, पुन्हा ठेवलं, आणि त्या बोटाकडेच बघत म्हणाले, "बोट हंयच पडता. तुझांय हंयच पडता. मियाच शिकवलंय तुका."

मी खाली मान घातली.

"मिया तुका इचारलंय होतां, अर्जना," ते म्हणाले. "गावाक न्हय. तुका."

ते ओरडले नाहीत. घुमट उचलून आत नेलं आणि रिकाम्या मडक्याशेजारी टांगलं.

त्यानंतर ते सहा वर्षं जगले. दुसऱ्याच दिवशी ते आईबरोबर बाजारात गेले आणि एकेक नारळ वाजवून घेऊन आले. घरात पुन्हा खवट नारळ आला नाही. माझ्याशी ते बोलत होते, जेवायला हाक मारत होते, तापात कपाळाला हात लावून बघत होते. फक्त मी 'आबा, पावस गेलो' म्हटलं, की ते उठायचे, काठी घ्यायचे, आणि दारात जाऊन स्वतः हात बाहेर काढून बघायचे.